लिस्बनला लायट गेली तेव्हा

सोमवार, २८ एप्रिल २०२५. साडेअकरा वाजून दोन-चार मिनिटं झाली असतील. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वाचनकक्षात आम्ही सातजण सरांबरोबर बसलो होतो. कधीकाळी गोव्याहून जहाजाने गेलेले कागद आता टेबलावर येणार होते. ते यायच्या आधी दिवे गेले.

"लायट गेली गो," मागून कोणीतरी कुजबुजलं आणि आम्ही फिसकन हसलो. गोव्यात आमच्या फोंड्यात मिरगाचा पहिला पाऊस पडला की वीज जाते, ती सवय जन्मापासूनची. येईल पाच मिनिटांत, म्हणून बसून राहिलो. ती आली रात्री साडेदहाच्या सुमाराला. बेटं सोडली तर सगळा पोर्तुगाल आणि सगळा स्पेन एकदम अंधारात गेला होता.

आम्ही इतिहासाचे तेरा विद्यार्थी, एक सर, एक मॅडम. मी खजिनदार, म्हणजे शिव्या खाणारी. गोव्याच्या मोपा विमानतळावरून दोहा, दोहाहून लिस्बन असा प्रवास, शहरात सहा दिवस. जायचं कारण साधं होतं. गोव्यातही एक तोर्रे दो तोंबो होता. १५९५ मध्ये दियोगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकाराला त्याचा पहिला रखवालदार नेमलं, आणि पणजीचं आजचं पुराभिलेखागार त्याचंच वारस. पोर्तुगालच्या राजाशी झालेला पत्रव्यवहार ज्यांत आहे त्या 'मोन्सोंइश' ग्रंथांचे बरेच खंड पणजीत आहेत. काही मात्र अठराव्या शतकात लिस्बनला नेले. एका घराची भांडी दोन घरांत वाटली गेली, त्यातलं दुसरं घर बघायला आम्ही निघालो होतो.

व्हिसाबद्दल आधी सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. पोर्तुगालला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे, पण शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ती माफ असते. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तेवढं भरावं लागतं. त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर सगळ्यांची नावं, तारखा आणि अभ्यासाचं कारण स्पष्ट हवं. तिथल्या संस्थेचं पत्र जोडलंत तर उत्तम. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. परतीनंतर तीन महिने तरी पासपोर्ट चालू असला पाहिजे. आमच्यातल्या एकाची धावपळ इथेच झाली.

पहिले तीन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. २५ एप्रिलला तिथे स्वातंत्र्य दिन असतो, १९७४ च्या क्रांतीचा. पोपच्या निधनाचा राष्ट्रीय दुखवटा असल्याने सरकारने आपले उत्सवी कार्यक्रम पुढे ढकलले होते, तरी लोकांची मिरवणूक निघालीच. हातात लाल कार्नेशन घेतलेली म्हातारी माणसं बघताना सरांनी आठवण करून दिली, की या क्रांतीनंतरच, १९७४ च्या ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करार करून मान्य केलं. म्हणजे मुक्तीनंतर तब्बल तेरा वर्षांनी. आम्ही दोन फुलं विकत घेतली.

जेरोनिमोस मठ रविवारीच उरकला. मूळ यादीत तो सोमवारी होता आणि सोमवारी तो बंद असतो. ही चूक माझी. दाराशी जाऊन कळण्याऐवजी दोन दिवस आधी कळली, एवढंच.

आता सोमवार. सातजण अभिलेखागारात, उरलेले सहा मॅडमबरोबर बेलेमला नदीकाठी, आणि दुपारी दोन वाजता सगळ्यांनी रोसियू स्टेशनवर भेटून लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाची गाडी पकडायची, असं ठरलं होतं. कर्मचाऱ्यांनी आम्हाला अगदी शांतपणे बाहेर आणलं. विद्यापीठाजवळच्या मेट्रोचं शटर खाली. सिग्नल बंद. मॅडमना फोन लागेना. व्हॉट्सॲपवर एक टिक दिसायची, ती दुसरी व्हायचं नाव घेत नव्हती. थोड्या वेळाने नेटवर्कच गेलं.

इथे वाचवलं ते सरांच्या आदल्या रात्रीच्या थट्टेने. जेवताना ते म्हणाले होते, "कोण हरवलाच तर रोसियू चौकात त्या उंच खांबाखाली उभा राहा, हलू नको, आम्ही येतो." आम्ही तेव्हा हसलो होतो. गट कितीही मोठा असो, रोज सकाळी एक जागा आणि एक वेळ तोंडी ठरवा. ग्रुपवर टाकू नका, तोंडी ठरवा.

मग चालायला लागलो. कांपू ग्रांदीपासून खाली, एंत्रेकांपुश, सालदान्या, मग मार्केश द पोंबाल आणि तिथून सरळ लिबेरदादीचा झाडांचा रस्ता. पाच किलोमीटर तरी असतील. वाट चुकायला वावच नाही, कारण उतार नदीकडेच नेतो. पण माझ्या फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवलेला नव्हता, हे खरं. आमच्यातली एक मुलगी दोन वर्षं पोर्तुगीज शिकलीय. दारं उघडी टाकून उभ्या केलेल्या गाड्यांभोवती माणसं रेडिओ ऐकत होती. ती तिथे थांबायची, ऐकायची आणि पळत येऊन सांगायची. "स्पेनमधेपण नाही." "कोणीतरी सायबर हल्ला म्हणतोय." (तसलं काही नव्हतं. स्पेनच्या जाळ्यात व्होल्टेज बेफाम वाढलं आणि वीजकेंद्रं एकामागून एक सुटत गेली, हे पुढे कळलं.) बॅटरीवर चालणारा एक लहानसा रेडिओ सामानात असू द्या. दुपारनंतर दुकानांत शोधून मिळत नव्हता.

खांबाखाली पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. बेलेमची मंडळी आली चार वाजता. पंधरा नंबरची ट्राम विजेवर चालते, ती वाटेतच उभी. बस येत होत्या, पण चढायला जागा नव्हती. मॅडम मुलांना घेऊन नदीकाठाने चालत आल्या. सगळे मोजून झाल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि चप्पल काढली. काही बोलल्या नाहीत.

आता पैशांचं. एटीएम बंद, कार्डाची यंत्रं बंद. माझ्याकडे गटाची रोकड किती, तर ११५ युरो. बाकी सगळं कार्डात, कारण "युरोपात कॅश कोण वापरतं" असं मीच सगळ्यांना निघताना ऐकवलं होतं. पंधरा जणांचं पाणी, पाव, सार्डिनचे डबे आणि केळी यांत ४८ युरो गेले. माझा आकडा असा: माणशी निदान ४० युरो रोख, त्यातही ५ आणि १० च्या नोटा. सुट्ट्यावरून दुकानांत वाद होत होते.

आमचं हॉस्टेल मार्ती मुनीशजवळ. तिथल्या गल्लीत बांगलादेशी आणि नेपाळी लोकांची वाणसामानाची दुकानं आहेत. मेणबत्त्या घ्यायला गेलो तर माझ्याकडे पन्नासची नोट आणि दुकानदाराकडे सुट्टे नाहीत. तो हिंदीत म्हणाला, "कल दे देना." नाव विचारलं नाही, हॉस्टेल विचारलं नाही. हॉस्टेलच्या दाराचं कुलूप विजेवरचं, त्यामुळे मालकीणबाई जुनी किल्ली हातात धरून दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "शाव," त्या ती हलवून म्हणाल्या. आम्ही एकदम म्हणालो, "चावी!" त्यानंतर अर्धा तास तिथेच गेला. जनेल, मेज, साबण, पाव... त्या एक शब्द टाकायच्या, आम्ही आमचा. वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि अंघोळीचा प्रश्नच नव्हता, पण तो अर्धा तास मला अजून आठवतो.

खरी काळजी घरची. वीज गेली तेव्हा गोव्यात संध्याकाळचे चार वाजले होते, म्हणजे रात्रीच्या बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं आणि आमचा एकही फोन लागेना. रात्री दिवे आले, गल्लीभर टाळ्या आणि आरोळ्या झाल्या, आणि आमचे मेसेज घरी पोचले तेव्हा तिकडे पहाटेचे तीन. एका मैत्रिणीची आई फोन हातात घेऊनच बसली होती. पालकांना निघण्याआधीच सांगून ठेवा: बातमी आली आणि आम्ही लागलो नाही, तर एक दिवस थांबा. आणि कॉलेजमधला एकच माणूस ठरवा, सगळ्यांनी त्यालाच विचारायचं.

मंगळवारी एकच गोष्ट करता येणार होती, सिंत्रा किंवा अभिलेखागार. बुधवारी विमान, आणि आदल्या दिवशी विमानतळ ठप्प झाल्यामुळे तिथली गर्दी पाहता लवकर निघायचं होतं. मत घेतलं: आठ विरुद्ध पाच. अभिलेखागार. पाचजण दिवसभर रुसून होते. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. कागद मात्र पाहिले. तुम्ही जाणार असाल तर दिजितार्क या त्यांच्या संकेतस्थळावर आधी शोधा, कागदपत्राचा संकेतांक लिहून न्या, आणि शाईपेन न नेता पेन्सिल न्या.

संध्याकाळी त्या दुकानात जाऊन मेणबत्त्यांचे ३ युरो दिले. परत आल्यावर मी जमाखर्च सादर केला. सगळा मंजूर झाला, फक्त ती एक नोंद लाल शाईने गोल करून परत आली: पावती जोडलेली नाही.