दळायचंच होतं तर पुन्हा वळता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी पेलेट प्लांटमध्ये काम करते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: लोहखनिज दळून पीठ करता आणि त्याच पिठाच्या परत गोळ्या वळता, मग दळता कशाला?

दळल्याशिवाय गत्यंतर नसतं. हलक्या प्रतीच्या खनिजात लोहाचे कण आणि सिलिका एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की ते सुटे करायला बहुतेक माल 45 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली न्यावा लागतो. लोह वेगळं होतं, पण हाती उरते ती भुकटी. ती तशीच झोतभट्टीत, म्हणजे खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीत, टाकली तर खालून येणाऱ्या तप्त वायूला वर जायला वाट राहत नाही. गोळ्यांवर गोळ्या रचल्या की मध्ये फटी राहतात. त्या फटींसाठी हा सगळा खटाटोप. स्वीडनमध्ये 1912 साली गोळ्या वळण्याच्या या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं; पुढे अमेरिकेत मिनेसोटात ई. डब्ल्यू. डेव्हिस हे संशोधक टॅकोनाइट नावाच्या, कमी लोह असलेल्या चिवट खडकामागे कित्येक वर्षं लागले, आणि 1950च्या दशकात तिथे मोठे कारखाने उभे राहिले.

माझी ड्यूटी डिस्कवर. तिरकी, अखंड फिरणारी भलीमोठी थाळी. तिच्यात नऊ टक्क्यांच्या आसपास ओल असलेली भुकटी आणि जेमतेम अर्धा-एक टक्का बेंटोनाइट, म्हणजे कण धरून ठेवणारी चिकट माती, पडतं, वरून पाण्याचे तुषार. घरंगळता घरंगळता कणाला कण चिकटतो. लहान गोळ्या तळाशी वाढत राहतात, पुरेशा मोठ्या झालेल्या आपसूक वर येऊन काठावरून बाहेर पडतात. इतक्या वर्षांनीही मी ते बघत उभी राहते.

खरा खेळ पाण्याचा. कमी पडलं तर गोळी धरत नाही, जास्त झालं तर सगळ्या एकमेकींना चिकटतात. म्हणून ओली गोळी 45 सेंटीमीटरवरून लोखंडी पट्टीवर टाकायची, उचलून पुन्हा टाकायची, आणि कितव्यांदा तडकते ते मोजायचं. चार-पाच वेळा टिकली तर बरं. दुसऱ्यांदाच फुटली तर ताबडतोब बघायला हवं. एका रात्री माल ओला येतोय हे बोटांना कळत होतं, तरी मी पाणी कमी करायला उशीर केला. गोळ्या वाळवायच्या-भाजायच्या शेगडीवरचा थर दबून बसला, आत अडकलेल्या वाफेने गोळ्या फुटल्या. ती चूक मला अजून सलते.

भाजणी साधारण 1,300 अंशांवर. खनिज मॅग्नेटाइट प्रकारचं असेल तर ते ऑक्सिजन घेऊन हेमेटाइट हा लोहखनिजाचा दुसरा प्रकार होताना स्वतःच उष्णता देतं, तेवढं इंधन वाचतं. कण एकमेकांत सांधले जातात. बोटांत चिरडणारी गोळी आता दोनशे किलोंहून जास्त भार पेलते, आणि तरीही भरीव नसते. गार झालेली पेलेट पाण्यात टाकून बघा, बारीक बुडबुडे निघतात. झोतभट्टीतला वायू त्याच छिद्रांतून आत शिरतो.