चिऱ्यावर गाडी? नको रे बाबा

आज पाऊस उघडला म्हणून अंगणातच पुढचे ब्रेक पॅड बदलायला घेतले, तर शेजारचे काका जांभ्या दगडाचे दोन चिरे घेऊन हजर, म्हणे लाव याच्यावर, आम्ही आयुष्यभर असंच केलं. काका, चिरा भिंतीला ठीक, गाडीचं वजन एका जागी आलं की कधी फुटेल नेम नाही, आणि गाडीसोबतचा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता! फोंड्याहून उचललेली गाडी टेकवायचे जॅक स्टँड आणलेत ते कशाला? हँडब्रेक, पहिला गियर, मागच्या चाकांना ओंडके, नट चाक जमिनीवर असतानाच सैल, जॅकखाली जाड फळी कारण माती अजून भुसभुशीत, मग स्टँडवर टेकवून गदागदा हलवली, जराही हलली नाही तेव्हाच चाक काढलं. डावीकडच्या पॅडचं नुसतं लोखंड उरलेलं 😬 उजवी बाजू आता शीत-कडी जेवून.