लॉख बाराच्या काठावरचं घर

आयर्लंडच्या आठ दिवसांतले सहा पावसात आणि गाडीत गेले. डब्लिन, गॉलवे, मोहेरचे कडे यांवर पुष्कळांनी लिहिलंय, ते राहू दे. मला डोनेगॉल जिल्ह्यातल्या एका दुपारबद्दल लिहायचंय.

ग्लेनव्हेचा किल्ला तळ्याकाठी आहे. ग्रॅनाइटचा, देखणा. गर्दी मनसोक्त फोटो काढत होती, आमची मंडळीही. तो जॉन जॉर्ज अडेअर या जमीनदाराने १८७० च्या सुमारास बांधला, हे मी वाचून आले होते. त्याच्या दहा वर्षं आधी त्याने काय केलं, तेही वाचलं होतं. माझा पाय आत वळेना.

परतताना हट्टाने गाडी लॉख बारा या तळ्याच्या रस्त्याने घ्यायला लावली. वाटेत एका पडक्या घरापाशी उतरले. भिंती जेमतेम कमरेएवढ्या, आत नेचे माजलेलं. चुलीची जागा मात्र लगेच ओळखू आली: दोन उभे दगड, मधला काळवंडलेला. हात लावला, तर गार आणि ओला.

८ एप्रिल १८६१ ला अडेअरने आपल्या कुळांना घरांतून हुसकायला याच भागातून सुरुवात केली. दोनशेच्या आसपास पोलीस आणि सैनिक, सोबत पहारी घेतलेली माणसं. पहिलं घर साठीच्या एका विधवेचं. तीन दिवसांत ४७ कुटुंबं, २४४ माणसं बाहेर काढली. निम्म्याहून जास्त मुलं. कुणी परत येऊन राहू नये म्हणून २८ घरांची छपरं उतरवली किंवा भिंती पाडल्या. कारण? अडेअरने स्कॉटलंडहून मेंढ्या आणि मेंढपाळ आणले होते, मेंढ्या नाहीशा झाल्या की आळ कुळांवर. १८६० च्या नोव्हेंबरात त्याचा कारभारी जेम्स मरे याचा खून झाला. खुनी सापडला नाही, म्हणून शिक्षा सगळ्या दरीला. मरेचा जीव गेला हे वाईटच. पण एप्रिलच्या गारठ्यात पोरंबाळं उघड्यावर काढणं याला मी न्याय म्हणणार नाही.

मुक्काम लेटरकेनीत होता. बेघर झालेल्यांपैकी कित्येक जण इथल्याच वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या सरकारी आश्रयगृहात, आले. त्या वर्कहाऊसच्या एका इमारतीत आता जिल्ह्याचं संग्रहालय आहे. बेघर झालेल्यांतली बरीच तरुण मुलंमुली पुढच्या वर्षी, १८६२ मध्ये, ऑस्ट्रेलियाला गेली.

रात्री मंडळींनी किल्ल्याचे फोटो दाखवले. मी माझा एकच दाखवला, त्या चुलीचा. आईने फोन जवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "अगं, दगड मांडलेत किती नीट."