आमची वाटचाल : धानावर निघालेला सीझन

भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, मंडई झाली की नाटक आणि होळीला स्टेज उतरवायचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, धान निघालं की लोकांच्या हाती पैसा येतो आणि त्याच पैशावर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या सगळ्या नाटक कंपन्या उभ्या आहेत. आमचीही त्यातलीच. मी मूळचा ऑर्गन वाजवणारा. दुसऱ्यांच्या कंपन्यांत रात्र रात्र वाजवून स्वतःची कंपनी काढली, ती आमच्या पेंटरकाकांच्या भरवशावर.

काकांनी भागीदारीत पैसा घातला नाही, पडदे घातले. महाल, जंगल, रस्ता, गरिबाची झोपडी आणि दर्शनी पडद्यावर शिवपार्वती. मांजरपाटाला खळ देऊन वाळवायचं, खडूनं रेघा आखायच्या, मग रंग. महालाच्या खांबांना ते अशी सावली द्यायचे की दिव्यात खांब गोल वाटायचा. हे पडदे बांबूवर गुंडाळले जातात. डिसेंबरच्या दवानं कापड इतकं जड होतं की पहाटे दोर ओढायला दोघं लागतात, आणि ओलं तसंच गाडीत टाकलं तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. म्हणून आमची गाडी नव्या गावात पोचली की आधी पडदे उन्हात, मग माणसांची जेवणं. नव्यानं कंपनी काढणाऱ्यांना सांगतो, फ्लेक्स छापून टांगू नका. लाईट पडला की फ्लेक्स चमकतो आणि नटाचा चेहरा मरतो. दुसरं, प्रॉम्प्टरच्या मानधनात काटकसर करू नका. रोज वेगळं नाटक, तालीम नावापुरती. टांगलेल्या माईकखाली उभा राहून नट अंकामागून अंक रेटतो तो प्रॉम्प्टरच्या जिवावर.

पुढची वर्षं बरी गेली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद केले तेव्हा मात्र सगळ्यांना घाम फुटला, कारण पट असला की घरोघरी पाहुणे आणि पाहुणे असले की रात्री नाटक. तरी गावांनी पटाविना नाटकं ठेवली.

खरा घाव 2016 चा. दिवाळी ऑक्टोबरअखेर झाली होती, मंडया भरत होत्या, बयाणे घेतलेले होते आणि 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. आमचा धंदा सगळा रोखीचा. तिकीट रोख, नटांची नाईट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, रोख, डिझेल रोख. व्यापाऱ्याकडे धानाला द्यायला नोटा नाहीत, तर शेतकऱ्याकडे तिकिटाला कुठून येणार? त्यात 14 नोव्हेंबरपासून जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि आमच्या गावांतली निम्मी खाती तिथेच. गावांचे फोन येऊ लागले, ‘भाऊ, यंदा राहू द्या जी.’

अशा वेळी वडशातल्याच एका कंपनीच्या मालकानं आमची हिरोईन फोडली. तिला अ‍ॅडव्हान्स नव्या नोटांत दिला. त्या नोटा त्याच्याकडे कुठून आल्या ते त्यालाच ठाऊक. पाठोपाठ ऑक्टोपॅडवाला गेला. तेवढ्यावर थांबला असता तर मी सोडून दिलं असतं. कलाकार ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे जाणार, त्याचं पोट आहे. पण हा आमच्या बुकिंगच्या गावांत फिरला आणि आमची कंपनी बसली, तारीख मला द्या, असं सांगत सुटला. कंपनीचं नाव नासवणं मला आजही माफ करता येत नाही. मंडईत समोर आला तरी मी त्याला रामराम घालत नाही.

तो सिंदेवाहीकडच्या एका गावातही गेला. तिथल्या मंडळाचे अध्यक्ष, आमचे बापू, आमचा पहिला प्रयोग ठेवणारे. त्यानं दर कमी सांगितला. बापू म्हणाले, ‘तारीख देल्ली म्हणजे देल्ली.’ मग मला फोन केला, ‘नोटा नाही तं नाही जी. धान हाये ना! नाटक कायले थांबवता?’

त्या रात्री गेटवर गल्ल्याऐवजी पायली, म्हणजे धान मापायचं माप, होती. खाली बसायला एक पायली धान, खुर्चीला दोन. शेतात खणून उतार काढलेला, निघालेली माती स्टेजखाली चोपलेली, आणि कनातीबाहेर लोक पिशव्या, टोपल्या घेऊन रांगेत. एक म्हातारी लुगड्याच्या ओच्यात एचएमटी जातीचं धान घेऊन आली होती. गेटवरच्या पोरानं मापलं तर थोडं कमी भरलं. बापूंनी स्वतःच्या पोत्यातली ओंजळ टाकून पायली शीग केली आणि तिला आत सोडलं. हिरोईनचं काम रंगमंच सोडलेल्या एका बाईंनी केलं, शब्द प्रॉम्प्टरचे. सकाळी पोती वडशाच्या राईस मिलमध्ये उतरवली. त्या साली साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 1470 होता. मिलवाल्यानं तोच धरून चेक दिला. ही गोष्ट आसपास पसरली आणि आणखी गावांनी धानावर नाटक ठेवलं. सीझन निघाला. नाईट उशिरा मिळाली, पण कुणाची बुडाली नाही.

2020 चा सीझन कोरोनानं खाल्ला, सगळ्यांचाच. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पटांना पुन्हा परवानगी दिली. 2023 मध्ये आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशातल्या प्रत्येक कंपनीला आपल्याच घरात मिळाल्यासारखं वाटलं. शहरातले जाणकार आमच्या नटांना भडक म्हणतात. उघड्या शेतात, कडाक्याच्या थंडीत, शेवटच्या बांधावर बसलेल्या माणसाला पहाटेपर्यंत जागं ठेवायचं आहे. तिथे कुजबुजून अभिनय करून दाखवावा, मग बोलावं.

काका आता थकले, हात कापतो. महालाच्या पडद्याची नक्कल त्यांच्या पुतण्यानं काढलीय, खांबांची सावली अजून जमायची आहे.

यंदाची बुकिंगं सुरू झाली आहेत. पट असलेल्या गावांनी तारीख आधी कळवावी, त्या रात्रींना मागणी जास्त असते. बापूंच्या गावाची तारीख वहीत आधीच लिहिलेली आहे, ती कुणी मागू नये.