बुद्धगयेला जाताय? दोन पहाटा राखून ठेवा

आईची फार वर्षांची इच्छा होती, म्हणून गेल्या नोव्हेंबरात तिला घेऊन बुद्धगयेला जाऊन आले. आम्ही नागपूरचे. कोल्हापूर–धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस नागपूरवरून थेट गयेला जाते, पण ती आठवड्यातून एकदाच असते, तेव्हा सगळे बेत तिच्या वारावर ठरवावे लागतात. मुंबईहून जाणाऱ्यांनी प्रयागराजमार्गे जाणाऱ्या हावडा मेलचं तिकीट काढावं. नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल गयेला जात नाही, म्हणून मार्ग नीट बघा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे तिकडच्या गाड्या तासन् तास रखडतात. पितृपक्षात गयेला पिंडदानासाठी एवढी गर्दी असते की गाड्या आणि खोल्या दोन्ही मिळणं कठीण. बुद्धपौर्णिमेचा सोहळा मोठा असतो, पण तेव्हाचं ऊन म्हाताऱ्या माणसांना झेपेल का, याचा आधी विचार करा.

गया स्टेशनपासून बुद्धगया सुमारे 15 किलोमीटर. ऑटोचं भाडं बसण्याआधीच ठरवून घ्या.

पहिल्या दिवशी दुपारी पोचलो आणि लगेच महाबोधी महाविहाराकडे निघालो. चूक झाली. आत मोबाइल नेता येत नाही. तो माझ्या पिशवीत तळाशी राहिला होता, तपासणीत निघाला आणि रांगेतून परत फिरावं लागलं. बाहेर मोबाइल ठेवायला लॉकर आहेत. पण तिथेही रांग, मग पुन्हा तपासणीची रांग. तोवर आईचे पाय दुखायला लागले. त्यात चपला बाहेर काढायच्या आणि आतली फरशी दुपारी चटके देते. जाड मोजे न्या आणि मोबाइल खोलीवरच ठेवा.

त्या संध्याकाळी दर्शन झालं, पण धक्काबुक्कीत. खरी बुद्धगया दुसऱ्या दिवशी भेटली. विहार पहाटे पाचला उघडतं, आम्ही त्याआधीच दाराशी होतो. आईने दीक्षाभूमीला नेसते तीच पांढरी साडी नेसली होती. रांगेत मागून कुणीतरी ‘जय भीम, ताई’ म्हणालं. यवतमाळहून आलेलं अख्खं कुटुंब होतं. आपली माणसं तिथे पदोपदी भेटतात.

पायऱ्या उतरून आत गेलं की सुमारे 50 मीटर उंचीचं शिखर समोर उभं राहतं. गाभाऱ्यातली भूमिस्पर्श मुद्रेतली, म्हणजे उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणारी, सोनेरी मूर्ती पाल राजांच्या काळातली आहे. तिथे थांबू देत नाहीत, रांग पुढे सरकत राहते. वाईट वाटून घेऊ नका, कारण बसायची जागा विहाराच्या मागे, पश्चिमेला आहे. तिथे बोधिवृक्ष आणि त्याच्या बुंध्याशी सम्राट अशोकाने बसवलेलं वज्रासन, म्हणजे ज्ञानप्राप्तीची जागा दाखवणारं दगडी आसन आहे. आजचं झाड 1876 मध्ये कोसळलेल्या झाडाच्या रोपातून वाढलेलं आहे. कठड्याबाहेर थायलंडचे उपासक, श्रीलंकेचे भिक्खू, म्यानमारच्या आज्या असे सगळे आपापल्या सुरात पालीतून म्हणत होते. उच्चार वेगळे, पण ‘बुद्धं सरणं गच्छामि’ आलं की आई त्यांच्यात मिसळून म्हणायची. शब्द न् शब्द तिला येत होता. आमच्या वस्तीतल्या विहारात ती दर रविवारी जी वंदना घेते, तीच इथे चाललेली! तिचे डोळे भरून आले आणि माझेही.

उत्तरेच्या बाजूला चंक्रमणाची जागा आहे. ज्ञानप्राप्तीनंतर भगवंत जिथे चालले, तिथे ओट्यावर दगडी कमळं ओळीने बसवलेली आहेत. पलीकडे तिबेटी साधक लाकडी फळ्यांवर दंडवत घालत होते. मी एका बाईंची फळी जवळून पाहिली. हात सरकतात तिथे लाकूड घासून आरशासारखं गुळगुळीत झालेलं आणि तळहातांना कापडाच्या गाद्या बांधलेल्या. त्या किती वेळ करत होत्या कोण जाणे. आम्ही दोन तासांनी उठलो तेव्हाही चालूच होतं.

बाकीचा दिवस सुजातेच्या, म्हणजे ज्ञानप्राप्तीआधी भगवंतांना खीर देणाऱ्या स्त्रीच्या, गावासाठी ठेवा. निरंजना नदीपलीकडे बकरौरला विटांचा मोठा स्तूप आहे. नदी बहुतेक काळ कोरडीच, नुसती वाळू. तिथे ‘आमची शाळा बघायला चला’ म्हणणारी मंडळी मागे लागतात. दान द्यायचंच असेल तर विहारातल्या दानपेटीत टाका. जपान, थायलंड, भूतान, तिबेट यांचे विहार पाहायला सकाळ बरी. दुपारी बरेच बंद असतात. ऐंशी फुटी बुद्धमूर्ती त्याच भागात आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बोधिवृक्षाखाली बसलो. म्हणूनच सांगते, एका दिवसात गया, राजगीर, नालंदा उरकणाऱ्या सहलींबरोबर जाऊ नका. निदान दोन रात्री तिथे राहा.

त्या पहाटे वाऱ्याने एक पान गळालं आणि आईच्या अगदी पुढ्यात पडलं. झाडाची पानं तोडायची नसतात. गळलेलं मिळालं तर घ्यायचं. बाहेर पानं विकत मिळतात, पण ती कुठल्या पिंपळाची ते कळायला मार्ग नाही. ते पान आईने पदरात धरून खोलीवर आणलं, पण गाडीच्या प्रवासात त्याचं शेपटासारखं लांब टोक मोडलं. तुम्ही जाल तेव्हा जाड पुठ्ठ्याची एक वही जवळ ठेवा.