आवाज माझाच, पण तसं लिहू नका

"आवाज माझाच आहे मॅडम. पण कैफियतीत तो एआयनं बनवलाय असं टाका." कैफियत म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर. चहा यायच्या आत पक्षकारानं विषय संपवला होता. ही युक्ती त्याच्या पुतण्याची.

हातउसन्या पैशांच्या वसुलीचा दावा. (नावगाव, रक्कम, पीक सगळं बदललंय.) वादीनं व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज पेन ड्राइव्हमध्ये जोडला होता. त्यात आमचे हे पक्षकार, अण्णा, स्वच्छ म्हणतात, "तुझे चार लाख बुडवत नाही, ऊस गेला की देतो."

पूर्वी "आवाज माझा नाही" म्हटलं की समोरचा वकील हसायचा. आता हसत नाही. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंगच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांना मनाई केली, तेव्हा असं होऊ शकतं हे कोर्टांनाही ठाऊक आहे. त्याच आडोशाला खरा आवाजही नाकारता येतो.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलेलं होतं, पण तज्ज्ञानं भरायचा भाग ब कोराच. ही हरकत घ्यायला मला काहीच अडचण नव्हती. तसंही त्यातली हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, एवढंच सांगते की फाइल नंतर बदललेली नाही. बोललं कोण, हे ती सांगत नाही. मात्र "आवाज कृत्रिम आहे" हे वाक्य अण्णांच्या सत्यापनाखाली, म्हणजे "हे खरं आहे" अशा त्यांच्या सहीनिशी जाणार, आणि कोर्टात खोटा पुरावा दिला तर न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे त्यांना सांगितलं.

मग कागद चाळताना तारखा दिसल्या. पैसे दिल्याला तीन वर्षं उलटून गेल्यावर दावा लावलेला. कर्जाच्या कबुलीनं दावा लावायची मुदत वाढते, पण ती कबुली लेखी आणि सहीची लागते. बोललेली चालत नाही. म्हणजे आवाज खरा मानूनही दावा पडू शकत होता! मी खुशीत हे समजावलं. अण्णांचा चेहरा मात्र पडला.

"मुदत संपली म्हणून सुटलो, असं गावात सांगू? त्यापेक्षा टेप खोटी निघालेली बरी."

कोर्टासाठी नव्हे, पारासाठी त्यांना एआय हवं होतं. यावर माझ्याकडे कायद्याचं उत्तर नव्हतं. तसं लिहिणार नाही म्हटल्यावर त्यांनी कागद परत मागितले. दुसरा वकील लावायला मी ना-हरकत लिहून दिली.

पुढे बार रूममध्ये वादीच्या वकिलांनी नवी कैफियत माझ्यापुढे धरली. "केस का सोडलीत हो?" पक्षकाराचं बोलणं वकीलपत्र संपल्यावरही गुप्तच राहतं. बेकायदा हेतूनं केलेलं बोलणं ही गुप्तता देणाऱ्या, साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मधून वगळलंय खरं, पण त्या पळवाटेनं चहावर गप्पा मारणं मला पटत नाही. "व्याप वाढलाय," मी म्हणाले.

कैफियतीत एआयवर दोन पानं होती. मुदतीचा मुद्दा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, दीड ओळीत.