नंबर गेल्यानंतरची जवळची नजर

लेसिक या डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेनंतर चष्मा सुटतो हे सगळ्यांना ठाऊक असते. जवळची नजर बदलते हे मात्र चाळिशी ओलांडलेल्यांनाही फारसे कोणी समजावून सांगत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

माझा नंबर उणे साडेपाच होता. अशा डोळ्यांना चष्मा काढल्यावर साधारण १८ सेंटिमीटरवरची वस्तू विनासायास स्वच्छ दिसते, आणि वय वाढले तरी ही सोय टिकून राहते. पेडव्यांतले काटे वेचणे, सुईत दोरा ओवणे, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचणे ही कामे मी वर्षानुवर्षे चष्मा कपाळावर सरकवूनच करीत आले. लेसरने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वक्रता कमी केली की दूरचे नीट दिसू लागते. परंतु वयानुसार ताठर होत जाणाऱ्या आतल्या भिंगावर या शस्त्रक्रियेचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावरून मला आता खालच्या होड्या चष्म्याविना दिसतात, आणि पानातल्या माशासाठी चाळिशी लावावी लागते. दूरच्या नजरेची ही किंमत मला मान्य आहे.

रात्री बाहुली मोठी होते आणि लेसरने आकार दिलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत शिरतो, त्यामुळे मिरकरवाडा बंदरातल्या दिव्यांभोवती सुरुवातीला मोठी वलये दिसत. ती हळूहळू फिकी झाली. तोवर पावसात, ओल्या रस्त्यावर, रात्री गाडी चालवणे मी टाळले.

डोळे कोरडे पडतात हे आमच्याकडे कोणाला पटतच नाही. "समुद्राकाठी राहून डोळे कसे गो सुकतात?" असे शेजारच्या काकींनी विचारले होते. कारण हवेत नसून बुबुळावरच्या त्याच पारदर्शक पडद्याच्या नसांत असते: शस्त्रक्रियेत त्या कापल्या जातात, पुन्हा वाढायला त्यांना काही महिने लागतात, आणि तोवर अश्रू कमी येतात, पापण्याही कमी लवतात. म्हणून सकाळी स्पष्ट असलेले अक्षर संध्याकाळी धूसर होई. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब नियमाने घालावेत. गुलाबपाणी किंवा मध डोळ्यांत अजिबात घालू नये.

चाळिशीच्या आसपासच्या ज्यांना ही शस्त्रक्रिया करायची आहे, त्यांनी आधी दूरच्या पूर्ण नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स लावून घरातली जवळची कामे करून पाहावीत. ती फारच अडत असतील, तर एका डोळ्यात थोडा उणे नंबर ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे आणि तेही आधी लेन्स लावूनच अजमावावे.